कारवानी कुत्र्याला साप चावला तर आधी काय करायचं

दादा, कारवानी पिल्लू आणलंत, छान केलंत. आपल्या माळावर अन् उसाच्या फडात विषारी साप असणारच. म्हणून आजच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुणाकडे असतं आणि रात्री कोण भेटतं. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. वेळेत पोचलेली बरीच कुत्री वाचतात.

कुत्रं हुंगायला जातं, त्यामुळं चावा बहुधा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर बसतो. घोणस चावली की थोबाड भराभर सुजतं, रक्त थांबत नाही. गळ्यातला पट्टा लगेच सोडा, सुजेत तो आवळतो. मण्यारीचं उलटं. सूज जवळजवळ नाही, पण पापण्या उतरतात, पाय लटपटतात. सूज नाही म्हणून सकाळची वाट बघू नका.

नवी माणसं इथं चुकतात:
- दोरी आवळणं, ब्लेड मारणं
- तूप-हळद पाजणं, घरातली दुखण्याची गोळी देणं
- सापामागं धावणं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही सापांवर इंजेक्शन एकच.

कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. कळवळून ते तुम्हालाही चावेल, तरी सुजलेलं तोंड बांधू नका. घोंगडीत गुंडाळून न्या.