गणपतीच्या कार्यक्रमात अभंग गाताना माईक तोंडापासून किती अंतरावर धरावा?

आपण विचारले आहे की, सोसायटीच्या गणपतीत प्रथमच हातात माईक घेऊन अभंग गायचा आहे, तर तो किती अंतरावर धरावा, आणि आवाज घुमला तर दोष स्वतःच्या गळ्याचा समजावा की साउंडवाल्याचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन ते चार बोटे, एवढेच आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझे जुने दुखणे उकरून काढले, म्हणून एवढे लिहिणे आले.

2011 साली सांगली जिल्ह्यातल्या एका भजन स्पर्धेत आमच्या महिला भजनी मंडळाची मुख्य गायिका मी होते. एरवी आम्ही बसून गातो, माईक स्टँडवर असतो आणि माझ्या हातात टाळ असतात. त्या दिवशी स्टँडचा स्क्रू ढिला होऊन माईक सारखा मान टाकू लागला, तेव्हा संयोजकांनी तो काढून माझ्या हातात दिला. टीव्हीवर गाणारी मुले जाळीचा गोळाच मुठीत आवळून धरतात ते मला फार ऐटबाज वाटत असे, म्हणून मीही घामेजल्या हाताने तसाच धरला. रूपाच्या अभंगाची, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचे वर्णन करणाऱ्या अभंगाची, पहिली ओळ पुरी होते न होते तोच स्पीकरमधून शिट्टी वाजली. साउंडवाल्याने आवाज उतरवला, तसा मी माईक ओठांना टेकवला, आणि मग सभागृहात नुसता घुमारा पोहोचू लागला. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता, "आवाज घुमतो, शब्द अस्पष्ट." परतताना टेम्पोत आमचे पेटीवाले अण्णा सगळ्यांसमक्ष म्हणाले, "ताई, तुमचा गळा माईकचा नाही." त्यानंतर तीन वर्षे मी मागे बसून नुसते टाळ वाजवले.

चूक कळली ती 2014 मध्ये, देवळात साउंड लावायला आलेल्या एका विशीतल्या मुलामुळे. त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवला, स्वतः माईकवर "एक, दोन, तीन" म्हणत राहिला आणि मध्येच जाळी मुठीने झाकली. त्याचा चांगला खणखणीत आवाज त्या क्षणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला आणि कोपऱ्यातला स्पीकर कुरकुरू लागला. कारण त्याने सांगितले ते असे, की असा माईक समोरचे ऐकतो आणि मागचे टाळतो ते जाळीच्या आतल्या मागच्या फटींच्या जोरावर. त्या वाटेने शिरलेला मागचा आवाज माईकच्या आतल्या, आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोहोचून स्वतःलाच खोडतो. मुठीने ती वाट बुजवली की माईक चहूकडचे ऐकू लागतो, स्पीकरमधून आलेला आपलाच आवाज पुन्हा गिळतो, आणि शिट्टी वाजते. ओठांना टेकवल्यावर होणारा घुमारा हा निराळा प्रकार आहे: अगदी जवळून गायले की अशा माईकवर खर्ज फुगतो आणि त्याखाली शब्द गुदमरतात. म्हणजे तीन वर्षे मी ज्या गळ्याला दोष देत होते, त्याचा यात काडीचाही संबंध नव्हता.

तेव्हा माईक दांड्याला धरावा, जाळीला बोटही लागू देऊ नये. तो तोंडासमोर सरळ न रोखता हनुवटीच्या बाजूने थोडा तिरपा ठेवावा, कारण प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून सुटणारा वारा थेट पडद्यावर आदळला की स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो, आणि आपल्या अभंगांत तर पंढरी, पांडुरंग, पुंडलिक, पालखी, भीमा आणि भेटी यांखेरीज ओळ सरकत नाही. तार सप्तकात जाताना हात चार बोटे मागे न्यावा आणि ओळ खाली उतरली की परत आणावा. अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, त्यामुळे ओठांजवळ दोन बोटांचा फरकसुद्धा श्रोत्याला लगेच जाणवतो. कोरस चालू असताना दमून हात खाली सोडू नये, कारण तेव्हा माईकचे तोंड नेमके पायाशी ठेवलेल्या मॉनिटरकडे, म्हणजे गाणाऱ्याला आपला आवाज ऐकू यावा म्हणून लावलेल्या स्पीकरकडे, वळते आणि शिट्टी वाजते.

अण्णांना हे काहीच मान्य नाही. ओठांजवळ माईक धरून गातात ते ऑर्केस्ट्रावाले, भजनाला माईक हातभर लांबच हवा, आणि गळा असेल त्याला तोही नको, असे त्यांचे मत आहे. 1880 साली किर्लोस्करांनी पुण्यात संगीत नाटक उभे केले तेव्हा कुठे होता माईक, असे ते विचारतात. नव्हता, हे खरेच आहे. पण त्या नटांच्या शेजारी स्पीकरमधून गरजणारा पखवाज आणि डोक्यावर घरघरणारे पंखेही नव्हते. माईक हातभर लांब ठेवला की त्यात माझ्याइतकेच दहा जणींचे टाळ शिरतात, मग साउंडवाला माझ्यासाठी आवाज चढवतो, टाळही तेवढेच चढतात, आणि शेवटी शिट्टी वाजल्यावर शिव्या त्याच पोराला बसतात. गळा कमावलेला असणे आणि माईक धरता येणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि दुसरे न शिकता पहिल्याचा तोरा मिरवणाऱ्यांनी मंडळांचे फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सांगायचे राहिले. हे सगळे शुअरच्या एसएम 58 सारख्या डायनॅमिक माईकबद्दल आहे. तो 1966 पासून बाजारात आहे आणि भाड्याच्या साउंडमध्ये बहुधा तो किंवा त्याच्या धर्तीचाच असतो. शास्त्रीय बैठकीत स्टँडवर कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा, माईक लावला असेल तर तो याहून लांबूनही छान ऐकतो, तिथे माझी बोटांची मापे लावू नयेत. आणि साउंडवाल्याने इको भरमसाट सोडला असेल तर आपण कसाही माईक धरला तरी शब्द घुमणारच. तो कमी करायला कार्यक्रमाआधीच सांगावे.

गेल्या वर्षी त्याच स्पर्धेत मी पुन्हा मुख्य गायिका म्हणून बसले आणि परीक्षकांनी शब्दोच्चाराला पूर्ण गुण दिले. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. पेटीचा माईक मात्र ते अजूनही हातभर लांब सरकवतात, आणि पेटी ऐकू आली नाही की साउंडवाल्याकडे डोळे वटारून बघतात.