सुताच्या घरातला संगीतकार

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगा बारावी कॉमर्सला, पियानोच्या परीक्षेची पाचवी ग्रेड झालेली, स्वतःच्या चाली स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहून ठेवतो. घरचे इचलकरंजीत यंत्रमाग. वडील म्हणतात, आधी धंदा बघ. आपल्या गावात राहून पाश्चात्त्य संगीतात कुणाचं काय झालंय? मुलाला धंदा नकोच आहे, त्याला जर्मनी खुणावते आहे. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

त्या दोघांनाही जर्मन संगीतकार आणि प्रकाशक योहान आंद्रे यांची गोष्ट सांगा. जन्म १७४१चा, गाव ऑफेनबाख, फ्रँकफुर्टशेजारी माइन नदीकाठी. घरचा धंदा रेशमाचा, आणि तोच त्यांनी पुढे चालवायचा हे ठरलेलं. संगीत ते बरंचसं आपलं आपणच शिकले. १७७३मध्ये त्यांचं पहिलं संगीतनाटक रंगमंचावर आलं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ऑफेनबाखला स्वतःची संगीत प्रकाशन संस्था काढली. जर्मन कवी गटे त्यांचा मित्र. त्याच्या ‘एर्विन उंड एल्मिरं’ या नाटकालाही त्यांनी संगीत दिलं. १७७७ ते १७८४ ते बर्लिनला नाटक कंपनीत संगीत दिग्दर्शक होते. मग गावी परतले आणि प्रकाशनात पूर्ण उतरले.

मुलाने यातली एक बाजू नीट बघावी. १७८१मध्ये बर्लिनला आंद्रे यांचा ‘बेलमोंट उंड कोन्स्टान्त्से’ हा ऑपेरा झाला. पुढच्या वर्षी व्हिएन्नात मोत्झार्टने त्याच कथेवर आपला ऑपेरा केला, आणि आज लोक ऐकतात तो मोत्झार्टचा. आंद्रेंची प्रकाशन संस्था मात्र पिढ्यान् पिढ्या चालली. मला यात अपयश दिसत नाही. संगीत वाचणारा, लिहिणारा माणूस धंद्यात होता म्हणूनच ती संस्था उभी राहिली.

१७९९मध्ये ते गेले तेव्हा मुलगा आंटोन तेवीस वर्षांचा होता. तोही संगीतकार. तेव्हा स्वरलिपी धातूच्या पत्र्यावर कोरून, ठसे ठोकून छापत. त्याच वर्षी आंटोन म्युनिकला गेला, तिथे आलोइस झेनेफेल्डरचं शिळाछापाचं तंत्र त्याने पाहिलं आणि ते ऑफेनबाखला आणलं. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने उलटे स्वर लिहायचे, शिळा ओली करायची, वर शाईचा रूळ फिरवायचा; शाई फक्त लिहिलेल्या जागी धरते. मोत्झार्टच्या पत्नीकडून त्याची हस्तलिखितंही आंटोननेच विकत घेतली. मोत्झार्टच्या ‘आइने क्लाइने नाख्टमुझीक’ची सुरुवात तुमच्या मुलाने नक्की वाजवली असेल. ती रचना पहिल्यांदा छापली गेली १८२७च्या सुमारास, ऑफेनबाखलाच. मोत्झार्ट जाऊन तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती.

आता तुमच्या घरचं. मुलाला संगीतच करू द्या, असं मी स्पष्ट सांगतो. पण बारावीनंतर बीकॉमही करावं आणि वडिलांच्या पेढीवर आठवड्यातून एक दिवस बसावं. उधारी कशी वसूल होते, करार कसा वाचायचा, दलालाशी कसं बोलायचं, हे कुठलीही संगीतशाळा शिकवत नाही आणि संगीतकाराला ते रोज लागतं. आपल्याकडे २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटासाठी चाल दिली, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा कायद्याने राखलेला आहे. हे माहीत नसलेले तरुण समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

म्यूझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते त्याने हात बसेपर्यंत शिकावं. वाद्यवृंदासाठी प्रत्येक वादकाचं पान वेगळं, स्वच्छ, वाजवताना उलटता येईल असं काढून देणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत आणि हे काम इचलकरंजीत बसूनही करता येतं. पहिली कमाई इथूनच होऊ शकते.

जर्मनीचं दार बंद नाही, पण तिथल्या संगीत विद्यापीठांत बारावीच्या गुणांवर भागत नाही. प्रवेशपरीक्षेत वाजवून दाखवावं लागतं, रचनेसाठी जायचं तर स्वतःच्या रचनाही लागतात. फी राज्याप्रमाणे आणि संस्थेप्रमाणे बदलते. जर्मन भाषेचा वर्ग यंदाच लावा. आठव्या ग्रेडची तयारी आणि तीन-चार पूर्ण रचना हाताशी आल्या, की मला पुन्हा लिहा; कुठे अर्ज करायचा ते तेव्हा ठरवू. आणि त्या पत्रात वडिलांनीही चार ओळी लिहाव्यात.