रेड आणि व्हाईट वाईनच्या चवीत नेमका फरक काय? आम्ही चार मित्र पाच-सहा प्रकार आणून तुलना करणार आहोत. कुठल्या आणाव्यात? आणि 'रेड हीच खरी वाईन' हे खरं का?

तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. ते वाक्य आमच्या घराला दीड एकर बागेच्या भावात पडलेलं आहे.

मी निफाड तालुक्यातला. घरची थॉमसनची, म्हणजे बिनबियांच्या खायच्या द्राक्षांची बाग. २००५ साली एका वायनरीचा माणूस कराराचे कागद घेऊन गावात आला. वडिलांनी विचारलं, पांढरी लावू का काळी? तो म्हणाला, "काळीच लावा काका. लोक रेडच पितात, व्हाईट आपली पाहुण्यांपुरती." वडिलांनी डॉगरीजच्या खुंटावर शिराज या काळ्या वाईन-द्राक्षाचं कलम केलं. २००९ च्या फेब्रुवारीत माल तोडणीला आला, रसात शुगर २४ टक्के लागली, आणि निरोप आला की टाक्या भरल्यात, रेडला उठाव नाही, यंदा माल घेत नाही. वाईनचा मणी वाटाण्याएवढा, जाड सालीचा, आत बिया. तो मार्केटला नेला तर व्यापारी हसतात, आणि बियांमुळे बेदाण्यालाही चालत नाही. घड वेलीवरच सुकले. एप्रिलच्या खरड छाटणीला त्या दीड एकरात कात्रीऐवजी कुऱ्हाड गेली. मांडवाचे अँगल आणि तारा तेवढ्या राहिल्या, त्यांच्यावर परत थॉमसन चढवला. वडील माळकरी. चार वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळलेल्या त्या शिराजचा थेंबही त्यांनी कधी चाखला नाही.

मी तेव्हा दुसऱ्याच एका वायनरीत सेलरला, म्हणजे वाईन आंबवतात-मुरवतात तिथे कामाला होतो, त्यामुळे फरक हाताने माहीत आहे. व्हाईटचा माल आला की लगेच प्रेसमध्ये, रस थंड टाकीत, साल बाहेर. रेडचा माल चुरडून साली-बियांसकट टाकीत जातो आणि तिथेच आंबतो. आंबताना सुटणाऱ्या गॅसने साली वर येतात, जाड थर धरतात. दिवसातून तीन वेळा तो थर खाली दाबायचा, नाहीतर खालचा रस पंपाने वर सोडायचा. फेब्रुवारी-मार्चभर माझी नखं जांभळी असायची. चुलतभावाच्या लग्नात अक्षता टाकताना नवरीकडच्या बायका माझ्या हाताकडे बघत होत्या. तर त्या सालीतून रंग येतो, आणि सालीतून अन् बियांतून तुरटपणा. कच्चं केळं चावल्यावर जीभ कशी खरखरीत होते, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, तसं. व्हाईटमध्ये त्याऐवजी आंबटपणा पुढे येतो, तोंडाला पाणी सुटतं. गोड की बिनगोड याचा रंगाशी काही संबंध नाही. झालं, फरक एवढाच.

आता 'खरी'चं. आमचे मेहुणे पुण्याला असतात. त्यांनी दोन दिवसांचा वाईनचा कोर्स केला, तेव्हापासून ते पाण्याचा ग्लाससुद्धा गोल फिरवून पितात. दर खेपेला एकच पालुपद: "दाजी, व्हाईट म्हणजे सरबत हो. बायकांना द्यायची." हे ते माझ्या बायकोसमोर, म्हणजे स्वतःच्या बहिणीसमोर म्हणतात. मी चार वर्षं ऐकून घेतलं. बायकोने तीन.

मागच्या मे महिन्यात ते मुलांना घेऊन आले. मी नाशिकहून पाच बाटल्या आणून ठेवल्या होत्या: शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्याँ ब्लाँ, वियोनिये या तीन व्हाईट, शिराज आणि कॅबरने सॉव्हिन्याँ या दोन रेड. सगळ्या इथल्याच, नाशिक जिल्ह्यातल्या. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं, रबर लावलं, स्केचपेनने आकडे टाकले. जेवणाआधी ओटीवर मेहुण्यांच्या डोळ्यांना बायकोची ओढणी बांधली आणि स्टीलच्या फुलपात्रात दोन-दोन घोट ओतून पुढे सरकवले. ओतायचं काम बायकोकडे. तिने ते फार मन लावून केलं.

पहिली शिराज. मेहुण्यांनी नाक खुपसलं, घोट घेतला, टाळ्याला जीभ लावली. "हलकी आहे. फ्रेश आहे. व्हाईट." दुसरी वियोनिये. ते एकदम ताठ बसले. "ही बघा दाजी, याला म्हणतात बॉडी. रेड." पोरं खिदळायला लागली, त्यांना बायकोने आत पिटाळलं. शेनिन त्यांनी बरोबर ओळखली, पेरूचा वास आला म्हणाले. कॅबरनेही बरोबर, तिचा तुरटपणा लपत नाही. सॉव्हिन्याँ ब्लाँला मात्र म्हणाले, "ढोबळी मिरचीचा वास आहे, म्हणजे हीसुद्धा कॅबरने."

ही शेवटची चूक त्यातल्या त्यात शहाणी होती, कारण तो ढोबळी मिरचीचा वास दोन्हींत असतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये डीएनए तपासून दाखवलं की कॅबरने सॉव्हिन्याँ हा कॅबरने फ्रां आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ यांचा संकर आहे. म्हणजे ज्या लाल राजाचं मेहुणे कौतुक करतात, त्याच्या आई-बापांत एक पांढरा आहे. हे मी त्यांना ओढणी सोडायच्या आधीच ऐकवलं.

त्यांना वाईट वाटू नये म्हणून दुसरंही सांगितलं. फ्रान्समध्ये बोर्दोला वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाईट वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग घालून दिली होती. २००१ मध्ये ते छापून आलं. त्या पोरांनी वासाचं वर्णन करताना रेडसाठी वापरतात तेच शब्द वापरले. तिथे ही गत, तर मेहुण्यांच्या बाणेरला काय होणार?

तर तुम्ही डोळे बांधून करा. लेबल आणि किंमत दिसली की चव संपते. व्हाईट आधी, रेड नंतर, नाहीतर तुरट झालेल्या जिभेला पुढचं काही कळत नाही. सोबत कोरडी भाकरी, फुटाणे, पाणी. चिवडा आणि लसणाची चटणी आत ठेवा, तिखटावर रेड अजून कडवट लागते. मिसळीबरोबर प्यायची असेल तर किंचित गोडसर शेनिन घ्या, मेहुणे काहीही म्हणोत. शिराजमध्ये काळी मिरी शोधा. ते कोणाच्या कल्पनेतलं नाही, मिरीत जे द्रव्य असतं तेच शिराजच्या सालीतही असतं.

सहा बाटल्या म्हणजे साडेचार लिटर. चौघांनी एका बैठकीत संपवायचा बेत असेल तर तो तुलनेचा नाही. सेलरला आम्ही चाखून थुंकायचो, लाज वाटू देऊ नका, आणि गाडी चालवणाऱ्याने तर थुंकायचंच. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्रात सुपरमार्केटात वाईन विकायचा सरकारी निर्णय झाला तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं बरेच जण सांगत होते. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेली वस्तू दारू नाही तर काय काढा आहे? मी ती बनवलेली आहे, म्हणून हक्काने सांगतो. रेड हृदयाला चांगली म्हणून आणणार असाल तर त्यापेक्षा चालायला जा.

एक सांगायचं राहिलं. मेहुण्यांच्या वेळी मी शिराज सकाळपासून फ्रीजमध्ये ठेवली होती आणि वियोनिये पडवीत. मेमध्ये आमच्या पडवीत पारा ३८ च्या पुढे जातो. गार वाईन हलकी वाटते, कोमट वाईन जड वाटते, आणि जिभेला थंडपणाच व्हाईटची खूण म्हणून शिकवलेला असतो. म्हणजे निम्मा निकाल मीच लावून ठेवला होता. बायकोलाही माहीत होतं. मेहुण्यांना अजून नाही. शिवाय नंतर ओढणी माझ्या डोळ्यांना बांधली, तेव्हा पाचातल्या माझ्याही दोन चुकल्या. सेलरला पाच वर्षं काढून.

तुम्ही असला चावटपणा करू नका. व्हाईट दोन-तीन तास फ्रीजमध्ये, रेडसुद्धा अर्धा तास. 'रूम टेम्परेचरला प्या' हे ज्यांनी लिहिलं त्यांच्या खोल्या १६-१८ अंशांच्या होत्या. आणि सहा बाटल्यांचं बजेट नसेल तर दोनच आणा: एक शेनिन, एक शिराज.