चार ओढले का दोन हिलरवर जाते, काय करू?

प्रश्न: भाऊ, मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये वॉरियर खेळतो, टँक, म्हणजे शत्रूचा मार अंगावर घेणारा. स्कार्लेट मॉनेस्टरी डन्जनात (पार्टीनं मिळून लढायची जागा) चार-पाच शत्रूंचा घोळका ओढला का एक-दोनच माह्यावर राहते, बाकीचे थेट हिलरच्या (पार्टीच्या जखमा भरणाऱ्याच्या) अंगावर. एकाले टॉन्ट (शत्रूले आपल्याकडं वळवणारा डाव) मारतो तवर दुसरा सुटते. त्यात गावात नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, मधातच अटकते. पार्टीवाले बोंबलते. टँक सोडून देऊ काय?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: सोडू नको रे बाप्पा, टँक व्हायला आधीच कोणी तयार नसतं!

घोळका गोळा करणं सोपं आहे, नुसतं जवळून पळालास तरी मागे लागतात. पण मागे लागले म्हणजे तुझे झाले असं नाही, कारण तेवढ्यानं तुझा थ्रेट (शत्रूचा तुझ्यावरचा राग, ज्याचा जास्त त्याच्यावर तो जातो) जवळपास शून्यच राहतो. आता हिलरनं तुला १००० चा हील दिला की त्याच्या नावावर ५०० थ्रेट चढतो आणि तो सगळ्या शत्रूंत वाटला जातो, पाच असतील तर प्रत्येकी १००. ज्याला तू हातच लावला नाही त्याच्या लेखी तू शून्य आन् हिलर १००, मंग तो जाईल कोणाकडे? उलट तुझे आधीच १०० असले तर लांब उभ्या हिलरला १३० च्या वर जावं लागतं, जवळून मारणाऱ्याला ११० च्या. म्हणून कवटीची खूण लावलेल्या (आधी मारायच्या) एकट्यावरच सगळी रेज (डाव टाकायला लागणारी वॉरियरची ताकद) ओतत बसू नको, सगळ्यांना थोडं थोडं वाट.

डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये (बचावाच्या पवित्र्यात) राहायचं, सुरुवातीला रेज नसते म्हणून ब्लडरेज दाबायचं, घोळका अंगाशी आला की डिमोरलायझिंग शाउट (सगळ्यांवर थोडा थ्रेट चढवणारी आरोळी), आणि मग टॅब दाबत दाबत शत्रू बदलून एकेकाला संडर (चिलखत फोडणारा, थ्रेट वाढवणारा वार). थंडर क्लॅपच्या (एकदम अनेकांना लागणाऱ्या वाराच्या) भरवशावर राहू नको, क्लासिकमध्ये तो बॅटल स्टान्समध्येच चालतो, चारच जणांना लागतो आणि स्टान्स बदलताना रेज उडते ते वेगळंच. टॉन्ट १० सेकंदांतून एकदा मिळतो, तो सुटलेल्यासाठी ठेव, आणि मारल्यावर लगेच संडर दे, नाहीतर ३ सेकंदांनी गडी परत हिलरकडे जाऊ शकतो.

आता जागा. मंत्र मारणारे लांबच उभे राहतात, त्यांच्यामागे धावलास की बाकीचे पांगले. गायकी (गुराखी) काय एकेका ढोरामागे पळत नाही, तो अरुंद वाटेवर उभा राहतो. तसंच, धनुष्यानं एक बाण मारायचा आणि दाराआड व्हायचं, तू दिसेनासा झालास की मंत्रवाल्यांनाही चालत यावं लागतं. मग पाठ भिंतीला लाव, कारण मागून आलेला वार ढालीनं अडत नाही.

तुझ्या अटकणाऱ्या नेटलाही हेच बरं. पळत पळत ओढताना नेट अडलं की स्क्रीनवर शत्रू एकीकडे आणि खरा भलतीकडे, एका जागी उभं राहून संडर मारण्यात तेवढी घाई नसते. फोन वायफायऐवजी यूएसबी केबलनं जोड, फोनमधले अपडेट बंद ठेव, आणि संध्याकाळी सारं गाव रील पाहत बसलेलं असते तेव्हा डन्जन घेऊच नको 😄

हिलरला आधीच सांगून ठेव, पहिला हील जरा उशिरा दे आणि अंगावर कोणी आलं तर माझ्याकडे पळत ये. बरेच हिलर उलटे पळतात आणि मग टँकला शिव्या देतात, ते काही बरोबर नाही. अगदीच सगळे सुटले तर चॅलेंजिंग शाउट आहे, ६ सेकंद सगळे तुझ्यावर, पण परत मिळायला १० मिनिटं. आणि मरायला टेकलेला एखादा पळाला तर तू जागा सोडू नको, त्याला लांबून मारणाऱ्यांनी पाडायचं, नाहीतर तो पुढचा घोळका घेऊनच येतो.