दुकानापुढच्या मोकळ्या जागेत कॅनोपी लावली तर उन्हात ग्राहक थांबतील का?

तुम्ही विचारलंय की दुकानापुढे बरीच मोकळी जागा आहे, माल आणि खुर्च्या बाहेर मांडलेल्या आहेत, पण ऊन चढलं की तिकडे कुणी फिरकत नाही. तीन बाय तीन मीटरची घडीची कॅनोपी घेऊन काम भागेल, की पैसे वाया जातील?

भागू शकेल, पण बहुतेक तुम्ही ठरवलेल्या जागी नाही. बाहेरच्या विक्रीच्या जागा मांडून देणं हा माझा व्यवसाय आहे आणि जवळजवळ प्रत्येक कामाची सुरुवात याच बोलण्याने होते: आपल्याला सावली विकत घ्यायची आहे, आणि ती कापडाच्या बरोबर खाली पडेलच असं नाही.

हिशोब सोपा आहे. छत जमिनीपासून अडीच मीटरवर आहे असं धरा. सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर आला की सावली अडीच मीटर सरकते. म्हणजे तीन मीटर रुंदीच्या कॅनोपीखाली सावलीची जेमतेम अर्ध्या मीटरची पट्टी उरते. सूर्य 30 अंशांवर उतरला की सावली सव्वाचार मीटरांहून जास्त पुढे जाते, आणि छताखालच्या खुर्च्या पूर्ण उन्हात! सूर्य अगदी डोक्यावर असतो तेव्हाच सावली पायाशी असते, आणि तेव्हा मुळात गिऱ्हाईकच कमी असतं. बहुतेक धंद्यांची गर्दी दुपार कलल्यावर सुरू होते. त्या वेळी सूर्य पश्चिमेला, म्हणून सावली पूर्वेकडे पडणार. तेव्हा कॅनोपी बसायच्या जागेच्या थोडी पश्चिमेला सरकवून लावा, नाहीतर पश्चिमेच्या बाजूला कनात सोडा.

खरेदीच्या आधी एक करा. तुमच्या सर्वांत गर्दीच्या वेळी एक मीटरची काठी जागेवर सरळ उभी धरा आणि तिची सावली किती लांब आणि कुठल्या दिशेला पडते ते मोजा. त्या लांबीला छताच्या उंचीने गुणलं की सावली किती सरकणार ते कळतं. सूर्याचा मार्ग ऋतूप्रमाणे बदलतो, त्यामुळे हे माप उन्हाळ्यातलंच घ्या.

आता उकाड्याचं. कॅनोपीने हवेचं तापमान फारसं उतरत नाही. तरीही माणसाला सावलीत बरं वाटतं, कारण निरभ्र दुपारी उन्हातून दर चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट ऊर्जा येते आणि तिचा अंगावरचा थेट मारा थांबतो. पण कापड स्वतःच तापलं तर तेही वरून उष्णता फेकू लागतं. 60 अंशांना तापलेलं कापड 40 अंशांच्या कापडापेक्षा साधारण सव्वापट उष्णता खाली सोडतं. पातळ, गडद रंगाच्या आणि बुटक्या छताखाली उपड्या घातलेल्या तापल्या तव्याखाली बसल्यासारखं का होतं, त्याचं कारण हे.

म्हणून कापडाचा रंग आधी बघा, त्यावरची जाहिरात नंतर छापा. नुसतं पातळ पांढरं कापड ऊन परतवतं, पण बराच उजेड आत सोडतं, त्यामुळे खाली डोळे दिपतात आणि ऊनही जाणवतं. गडद कापड उजेड अडवतं, पण तापतं. वरून पांढरं किंवा फिकट आणि आतून उजेड न सोडणारा थर दिलेलं कापड मला सर्वांत बरं वाटतं. लाल-निळ्या छताखाली मालाचे रंग बदललेले दिसतात. कपडे किंवा दागिने विकत असाल तर पांढरा, राखाडी, मळकट पांढरा यापलीकडे जाऊ नका.

पावसाची चिंता नसलेल्या जागेसाठी मी विणलेली शेडनेट सुचवतो. जाळीतून वारा जातो, गरम हवा छताखाली कोंडत नाही, आणि ती ताडपत्रीइतकी फडफडतही नाही. तिच्यावर 50, 75, 90 असे टक्के लिहिलेले असतात, म्हणजे ती किती ऊन अडवते ते. 50 टक्क्यांची जाळी रोपांना ठीक आहे. माणसं बसवायची तर 75 च्या पुढची घ्या. पाऊस मात्र थेट खाली येतो.

अखंड कापडच हवं असेल तर शिखरावर झडप असलेलं छत घ्या. गरम हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट हवी. शक्य असेल तितकं छत उंच ठेवा, फक्त वर सांगितलेला सावलीचा हिशोब मग पुन्हा करा, कारण उंची वाढली की सावली आणखी लांब जाते. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात उन्हाळ्यात बाजाराच्या अरुंद रस्त्यांवर इमारतींच्या मधोमध उंच कापडं ताणतात, तिथे हे जमतं, कारण तिरपं ऊन भिंतीच अडवतात. मोकळ्या पटांगणात ते काम तुमच्या कनातीला करावं लागतं. पण म्हणून तिन्ही बाजू बंद करून टाकू नका. वारा थांबला की घाम वाळत नाही, आणि छताचा सगळा फायदा तिथेच संपतो. ज्या बाजूने तिरीप येते तेवढीच झाका, तीही जाळीने.

पंखा लावायचा तर माणसांच्या अंगावर येईल असा लावा, छताकडे तोंड करून नको. पाण्याच्या तुषारांचा पंखा कोरड्या हवेत छान चालतो, कारण एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषून घेतं. मदिनेच्या मशिदीच्या अंगणातल्या मोठ्या छत्र्यांच्या खांबांवर असेच तुषार-पंखे आहेत. दमट हवेत मात्र पाण्याची फारशी वाफ होत नाही. गिऱ्हाईक, कागद आणि माल ओले होतात, बाकी काही नाही. किनाऱ्यालगत असाल तर त्या खर्चात पडूच नका.

खालची जमीनही बघा. डांबर किंवा काळी फरशी सावलीबाहेर तापते आणि पायांना झळा देते. कॅनोपीच्या कडेने मीटर-दोन मीटर फिकट चटई किंवा हिरवळ असली तरी फरक पडतो.

एवढं सगळं साधलं आणि वाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर मात्र मोठी पंचाईत होते. नऊ चौरस मीटर कापडावर ताशी 36 किलोमीटरचा वारा काटकोनात लागला तर साधारण 55 किलो वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपास. प्रत्येक पायाला 20 किलोंचं वजन बांधण्याचा जो सल्ला सगळीकडे मिळतो तो झुळकीपुरता आहे. कनाती सोडल्या की वाऱ्याला आणखी पृष्ठभाग मिळतो. फरशीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, तेव्हा काँक्रीटची किंवा पाण्याने भरायची वजनं घ्या आणि ती पायाच्या पट्टीवर नुसती न ठेवता पट्ट्याने वरच्या सांगाड्याला बांधा. उष्ण प्रदेशात उन्हाळी वादळाच्या आधी अचानक सोसाट्याचा वारा सुटतो, ढग दिसेपर्यंत घडी घालायला वेळ मिळतोच असं नाही. रात्री घडीची कॅनोपी उभी ठेवायची नाही, हा नियमच करा. मोसमभर उभीच ठेवायची असेल तर घडीची घेऊच नका. तिचे सांधे त्यासाठी नसतात. पक्का सांगाडा आणि पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर बघा.

छताखाली उघडी शेगडी किंवा बर्नर ठेवणार असाल तर माझं उत्तर नाही असं आहे. आग लवकर न पकडणारं कापड म्हणजे न जळणारं कापड नव्हे. तरी विक्रेत्याकडे ज्वलन-चाचणीचं प्रमाणपत्र मागा, आणि सार्वजनिक जागेला लागून असेल तर परवानगी लागते का तेही आधी विचारून घ्या.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, ग्राहक थांबतील का. बहुतेक दुकानदार पहिली सावली मालावर करतात. मालाला ती हवी असते, पण त्याला ताडपत्रीचा तुकडाही पुरतो. माणूस उन्हातून दहा पावलं चालत येईल, पाच मिनिटं उभा राहणार नाही. म्हणून एकच कॅनोपी घेणार असाल तर ती जिथे लोकांना थांबावं लागतं तिथे, म्हणजे रांगेवर किंवा पैसे देण्याच्या जागी लावा. बसायची जागा त्यानंतर.

तुमच्या वर्णनावरून मला तीन बाय तीनपेक्षा तीन बाय सहाची एक कॅनोपी जास्त योग्य वाटते. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. मग 45 अंशांच्या उन्हातही खाली साडेतीन मीटर सावली उरते. कापड पसंत करताना नमुन्याचा तुकडा भर दुपारी उन्हात धरा आणि त्याखाली पांढरा कागद ठेवा. कागदाकडे बघताना डोळे मिचकावे लागले तर दुसरं कापड दाखवायला सांगा.