ऑनलाइन कार्ड गेम चालतो कसा, आणि मुलगा ‘पॅक’साठी पैसे का मागतो?

दहावीतला मुलगा रात्री मोबाईलवर पत्त्यांसारखं काहीतरी खेळतो, समोर कोण आहे ते त्यालाही माहीत नसतं, आणि आता ‘पॅक’ घ्यायला आठशे रुपये मागतोय. हा खेळ नेमका चालतो कसा आणि हा जुगार तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. आमच्या आयेनेही मला हेच विचारलं होतं: “रे झिला, रातभर त्या मोबाईलात पत्ते कुटतंस, पैशे तर नाय मा लावतंस?” तेव्हा मी पस्तिशीचा होतो, म्हणून तुमच्या मुलाचं वय बघून फार घाबरू नका.

तारकर्लीला आमचं न्याहारी निवास आहे. जून ते ऑगस्ट बोटी वर ओढलेल्या, स्कूबा बंद, पाहुणे जवळजवळ नाहीत. अशा दोन-तीन पावसाळ्यांत मी हे गेम शिकलो, त्याच जोरावर लिहितोय.

मेंढीकोट तुम्हाला येतो असं धरून चालतो. गणपतीत चाकरमानी आले की पडवीत रात्र रात्र चालतो तो. चार भिडू, एक कॅट. पिसायचा, वाटायचा, हात करायचे आणि शेवटी दश्श्या कोणाकडे किती ते मोजायचं. सगळ्यांची पानं एकाच कॅटातून आलेली असतात, म्हणून वाईट पानं आली की नशिबाला शिव्या घालायची सोय असते. ह्या गेममध्ये फरक मुळातच आहे. इथे प्रत्येक भिडू आपला कॅट घरून बांधून आणतो. शेकडो पानांतून कुठली घ्यायची आणि कुठली गाळायची हे खेळाआधी एकट्याने बसून ठरवायचं. ह्या बांधलेल्या कॅटाला ‘डेक’ म्हणतात. मुलगा खेळत नसतानाही मोबाईलमध्ये डोकं घालून पानं इकडची तिकडे करत असेल, तर तो डेक बांधतोय. माझ्या मते खेळातला सगळ्यात डोक्याचा भाग तोच.

ही कल्पना रिचर्ड गारफील्ड ह्या गणितज्ञाने १९९३ मध्ये कागदी पत्त्यांवर आणली, ‘मॅजिक: द गॅदरिंग’ ह्या नावाने. मोबाईल-कॉम्प्युटरवर जे गाजले त्यांत ब्लिझार्ड कंपनीचा ‘हार्थस्टोन’, २०१४ चा. मला तोच जास्त येतो, म्हणून आकडे त्याचेच देतो. तुमचा मुलगा ‘मार्व्हल स्नॅप’ खेळत असेल तर डेक १२ पानांचा आणि खेळ सहसा सहा फेऱ्यांचा, ‘पोकेमॉन पॉकेट’ असेल तर डेक २० पानांचा. गाभा तोच.

हार्थस्टोनमध्ये डेक ३० पानांचा. एकच पान जास्तीत जास्त दोनदा ठेवता येतं आणि ‘लेजेंडरी’ म्हणजे सगळ्यात दुर्मिळ जातीचं असेल तर एकदाच. दोघांची ‘तब्येत’ ३० पासून सुरू होते, ज्याची आधी शून्यावर जाईल तो हरला. प्रत्येक पानाला किंमत असते आणि ती ‘मना’ने, म्हणजे दर फेरीला मिळणाऱ्या ताकदीने, भरायची. पहिल्या फेरीत १ मना, दुसरीत २, असं १० पर्यंत. म्हणजे भारी पान हातात असून सुरुवातीला उपयोग नाही, ते धरून बसावं लागतं. जो आधी खेळतो त्याला ३ पानं, नंतरच्याला ४ आणि वर एक ‘कॉइन’, जे एकदाच १ मना जास्तीचा देतं. उतारी करणाऱ्याचा फायदा फेडायला ही युक्ती. नको असलेली पानं सुरुवातीला एकदा बदलून मिळतात.

नशीब आहेच, पण ते मोजता येतं. समजा एक पान तुम्ही डेकमध्ये दोनदा ठेवलंय. आधी खेळणाऱ्याने पाचव्या फेरीपर्यंत ८ पानं पाहिलेली असतात. सुरुवातीची बदली सोडली, तर त्या ८ मध्ये ते पान निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के. एकदाच ठेवलं असेल तर २७ टक्क्यांच्या आसपास. म्हणून नुसत्या लेजेंडरी पानांचा भरणा केलेला डेक दिसायला राजेशाही आणि खेळायला रडका असतो. मी तसा बांधला होता. सलग नऊ वेळा हरलो.

आता ‘ऑनलाइन’ म्हणजे काय ते. मुलाच्या मोबाईलमध्ये खेळ नसतोच, खिडकी असते. खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालतो. डेक पिसतो तो सर्व्हर, पान देतो तोही सर्व्हर. बोटाने पान ओढून सोडलं की मोबाईल एवढाच निरोप पाठवतो: अमुक पान, अमक्यावर. सर्व्हर तपासतो, ह्याची पाळी आहे का, पान खरंच हातात आहे का, मना पुरतोय का. मग हिशेब करून दोघांनाही निकाल कळवतो, आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच. समोरच्याची पानं तुमच्या फोनपर्यंत येतच नाहीत. कोणाकडे किती पानं आहेत ही वहीसुद्धा सर्व्हरकडेच असते. त्यामुळे ‘सगळी पानं फुकट मिळवा’ असे जे व्हिडिओ मुलं एकमेकांना पाठवतात, ते नव्याण्णव टक्के पासवर्ड चोरायचे धंदे. कोणाकडे किती पानं आहेत ही वहीसुद्धा सर्व्हरकडेच असते.

हे मला कधी नीट कळलं ते सांगतो. जुलैची रात्र, साडेअकरा झालेले, बाहेर धो-धो. समोरच्याची तब्येत ६ वर, माझ्या हातात ‘फायरबॉल’: किंमत ४ मना, घाव बरोबर ६ चा. पान ओढलं, सोडलं आणि लाईट गेली. राउटर मेला. एका फेरीला ७५ सेकंद मिळतात, शेवटी शेवटी पडद्यावर एक दोरी जळत जाते. तीच दोरी डोळ्यांसमोर. आमच्याकडे मोबाईलची रेंज फक्त विहिरीपाशी येते. छत्री घेतली, खळ्यातला चिखल तुडवत गेलो, कठड्याला टेकून परत गेम उघडला. खेळ कधीच संपला होता. माझा निरोप लाईट जायच्या आधी पोचलेला, सर्व्हरने फायरबॉल टाकून मला विजयी करून मोकळाही केलेला. मी उगाच भिजलो. निरोप पोचला नसता तरी वेळ असेपर्यंत खेळ तिथेच थांबलेला सापडला असता, हीही सोय असते. पाळीपाळीने चालणारा खेळ असल्यामुळे नेट थोडं मागेपुढे झालं तरी चालतं. बंदुकीच्या गेमचं आमच्या रेंजवर काय होतं ते विचारू नका.

समोरचा भिडूही सर्व्हरच निवडतो. प्रत्येकाच्या नावे एक आकडा असतो, जिंकलं की वाढतो, हरलं की घटतो. बुद्धिबळातल्या एलो मानांकनाचीच जात. जवळपासच्या आकड्याचे दोघे गाठून समोरासमोर बसवतात, म्हणून बऱ्याच जणांची हारजीत फिरून निम्म्यावर येते.

आता पैसे. तुमचा खरा प्रश्न हा आहे आणि कंपनीचीही खरी कमाई इथेच.

आमच्या सावंतवाडीचे गंजिफा पाहिलेत ना, हाताने रंगवलेली गोल पानं? दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं असतात, दहा अवतार, प्रत्येकाची १२. संच घेतला की मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे एकदम घरी येतात. आता अशी कल्पना करा की दुकानदाराने संच फोडला, पाच-पाच पानांची बंद पाकिटं केली आणि म्हणाला, नृसिंहाचा राजा सरासरी वीस पाकिटांत एकदा निघतो, घ्या नशीब आजमावून. वर तो राजा डेकमध्ये असल्याशिवाय जिंकणं कठीण, हेही सगळ्यांना माहीत. पॅक म्हणजे हेच. हार्थस्टोनच्या पॅकमध्ये ५ पानं, त्यांत निदान एक ‘रेअर’ किंवा त्याहून वरचं. लेजेंडरी साधारण २० पॅकना एक. ३९ पॅक कोरडे गेले तर ४० व्यात मिळणारच, अशी हमी असते. हमी ऐकायला गोड वाटते, पण ‘एवढे उघडलेत तर अजून थोडे’ ह्या विचाराला तीच खतपाणी घालते. एका श्रावणात एका गेममध्ये (नाव नको) मी गॅस सिलेंडरच्या दोन टाक्या आल्या असत्या एवढे पैसे घातले. मागणारं कोणी नव्हतं, बोट माझंच होतं.

नको असलेली पानं मोडून ‘डस्ट’ मिळते आणि तिच्यातून हवं ते पान बनवता येतं. पण सोनाराकडे मोड देताना घट बसते तशी इथेही बसते, आणि चांगलीच. लेजेंडरी बनवायला १६०० डस्ट, मोडलं तर हातात ४००. म्हणजे चार मोडा तेव्हा एक बनतं. साध्या पानाचा भाव त्याहून वाईट, बनवायला ४०, मोडून ५. त्यात दर वर्षी जुने संच मुख्य स्पर्धेतून बाहेर पडतात, म्हणजे आज घेतलेलं पान तिथे फार तर दीड-दोन वर्षांचं सोबती. कागदी पान निदान मित्राला देता येतं, विकता येतं. इथलं पान तुमच्या खात्यात दिसतं एवढंच. कंपनीला वाटलं तर ती रातोरात त्याचा घाव ६ चा ५ करू शकते. हार्थस्टोनमध्ये असं केलं की काही दिवस ते पान मोडल्यावर पुरती डस्ट मिळते, हे मात्र सांगायला हवं.

मग जुगार का? ऑनलाइन रमीत पैसे लावायचे आणि पैसेच जिंकायचे असत. असल्या खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. तुमच्या मुलाच्या खेळात मॅचवर पैसे लागत नाहीत आणि घातलेला रुपया परत येत नाही. म्हणजे खेळणं जुगार नाही. पॅक उघडणं मात्र, प्रामाणिकपणे सांगायचं तर, त्याचा सख्खा चुलतभाऊ. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या असल्या बंद पेट्यांना जुगाराच्याच कायद्यात बसवलं. ॲपलने २०१७ च्या शेवटी नियम केला की अशा पॅकमधून काय निघण्याची शक्यता किती, ते विकण्याआधी गेममध्ये दाखवलंच पाहिजे. दुकानाच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं ते, मुलाला काढून दाखवायला सांगा.

फुकट खेळता येतं का? येतं. रोजची कामं पुरी केली की गेममधलं सोनं मिळतं, त्यातून पॅक येतात. पोकेमॉन पॉकेट रोज दोन पॅक फुकट देतो. वेळ लागतो, पण तुमच्या मुलाची दहावी आहे, वेळ लागलेला बरा. फोनच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय चालू करा आणि तुमचं यूपीआय त्याच्या खात्याला जोडून ठेवू नका.

आठशे रुपयांचं म्हणाल तर त्याला आधी एवढंच विचारा: “तुझ्या डेकमध्ये नेमकं कुठलं पान कमी पडतंय?” त्याने पानाचं नाव घेतलं आणि ते का हवं ते सांगितलं, तर त्याच्या गेममध्ये डस्टची सोय आहे का आणि ती किती जमलीय, हे दोघं मिळून बघा. पुरेशी असेल तर ते पान पॅक न घेताच बनतं. आणि “ते माहीत नाही, पण पॅक उघडायचेत” म्हणाला, तर देऊ नका.