सायकल मेकॅनिक: सर्टिफिकेट की हाताखालचं काम?

तुमचा प्रश्न असा की दोन वर्षं दुकानात हाताखाली काम केलंय, बरंचसं जमतंय, तर आता कोर्सला पैसे घालावेत का. आधी रुक्ष भाग उरकतो. बहुतेक देशांत सायकल दुरुस्त करायला परवाना लागत नाही. जर्मनीत या कामाचं साडेतीन वर्षांचं रीतसर शिक्षण आहे, पण त्यातही विद्यार्थी दुकानात काम करत करतच शिकतो. ब्रिटनमध्ये सायटेक नावाच्या सायकल-मेकॅनिक प्रशिक्षणाच्या पायऱ्या आहेत. म्हणजे कागद मिळतो, पण दुकानात काम करायला तो नसला म्हणून सहसा कुणी अडवत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या मते या कामात चुका दोन जातींच्या असतात. काही तिथल्या तिथे कळतात, काही गिऱ्हाईक निघून गेल्यावर कळतात. पहिल्या जातीच्या चुका हाताला आपोआप शहाणं करतात. दुसऱ्या करत नाहीत, कारण त्यांचा निकाल आपल्यापर्यंत येतच नाही.

पहिल्या जातीचं नमुन्याचं काम म्हणजे चाकाचा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढणं. चाक फिरवलं आणि रिम एका जागी उजवीकडे घासली, की नवखा तिथली डावीकडची तार ओळखतो आणि तिचं निपल (तारेच्या टोकाचं, ताण कमीजास्त करणारं नट) पूर्ण फेरा पिळतो. आऊट जातो, पण शेजारी नवा तयार होतो. मुरलेला माणूस आधी दोन-दोन तारा चिमटीत दाबून ताण बघतो. मग डावीकडची पाव फेरा आवळतो, शेजारच्या उजवीकडच्या जराशा सैल करतो. शिवाय निपल फिरवताना तार स्वतःही पिळली जाते, म्हणून तो किंचित पुढे नेऊन तेवढंच मागे घेतो. हे केलं नाही तर सायकलवर बसल्या बसल्या तारा टण्-टण् वाजतात, पीळ सुटतो आणि आऊट परत येतो. पुस्तकात हे सगळं छापलेलं आहे. पण पाव फेरा म्हणजे नेमका किती, ते मनगटालाच कळावं लागतं, आणि त्यासाठी चाकांमागून चाकं हाताखालून जावी लागतात.

दुसरी जात धोक्याची. हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक घ्या. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड नावाचं वेगळंच द्रव. चुकीचं भरलं तरी त्या दिवशी ब्रेक झकास लागतो. आतली सीलं फुगतात ती हळूहळू, आणि लिव्हर दगा देतो तेव्हा समोर उतार असतो. कार्बनच्या हँडलचंही तेच. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटरच्या जोरावर थांबवायचे असतात (आकडा बहुतेक वेळा स्टेमवरच छापलेला असतो). ज्याचा जन्म स्टीलच्या सायकली आवळण्यात गेला त्याच्या हाताचं ‘बेताचं’ याच्या कितीतरी वर असतं. तडा दुकानात जात नाही, नंतर जातो. जुने उस्ताद टॉर्क रेंचला, म्हणजे पिळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याला, हसतात, पण कार्बनच्या बाबतीत हात कितीही कसलेला असो, माझा त्याच्यावर भरवसा नाही.

म्हणून पंक्चर, गिअर, छर्रे-ग्रीस शिकवणाऱ्या प्राथमिक कोर्सला जाऊ नका. ते तुम्ही रोज करता. हायड्रॉलिक, सस्पेन्शन आणि ई-बाईक, एवढ्याचाच कोर्स मिळत असेल तर जरूर करा. ई-बाईकमध्ये तर कागदाला खरंच किंमत आहे, कारण मोटर बनवणाऱ्या कंपन्या दोष शोधायचं सॉफ्टवेअर सहसा अधिकृत विक्रेत्यांनाच देतात. तिथे नुसता अनुभव घेऊन गेलात तर दारातच अडाल.

नोकरीचं म्हणाल तर मी माणूस घेताना सर्टिफिकेट बघतो, पण शेवटी. आधी पेडल मारताना कटकट वाजणारी सायकल हातात देतो. काही जण लगेच बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या जिच्यावर फिरतात ती फ्रेममधली बेअरिंग) खोलायला घेतात. ते कोर्सवालेही असतात आणि दहा वर्षं कामात असलेलेही. मला हवा असतो तो माणूस आधी सायकल चालवून बघतो आणि सीटवरून उठून पेडल मारतो. आवाज थांबला तर बॉटम ब्रॅकेटचा संबंधच नाही, दोष सीटमध्ये किंवा सीटपोस्टमध्ये. नाही थांबला तर तो पेडलचे आटे बघतो, मग चेनरिंगचे बोल्ट, आणि खोलाखोली सगळ्यात शेवटी.

कोर्सचे पैसे जमेपर्यंत एक करा. शिमानो आणि स्रॅमची सर्व्हिस मॅन्युअलं त्यांच्या साइटवर फुकट आहेत. नवीन पार्ट समोर आला की पाना उचलायच्या आधी त्याचं पान उघडायचं. आणि फी भरण्याआधी विचारून घ्या की प्रत्येकाला स्वतंत्र स्टँड मिळतो का आणि ब्रेकमधली हवा स्वतःच्या हाताने काढायला देतात का. दहा जणांनी मिळून एकाच सायकलकडे बघत उभं राहायचं असेल तर ते पैसे चांगल्या टॉर्क रेंचला घाला.